वामनदादा कर्डक : दप्तराबाहेरचा इतिहास



इतिहास म्हटला कीं आम्हां खानदेशकरांस प्रथम आठवण होते ती इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची. गांवोगांव पायपीट करून, जुन्या वाड्यांचे माळे आणि देवघरांतलीं फडताळें धुंडाळून त्यांनीं कागद जमविले. 31 डिसेंबर 1926 रोजीं धुळ्यासच त्यांनीं देह ठेवला आणि लागलीच 1927 सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या शहरांत स्थापन झालें. बखर, महजर, सनद, पत्र असें कांहीं हातांत असल्याखेरीज इतिहासाविषयीं एक वाक्यहि बोलूं नये, ही शिस्त त्या पिढीनें महाराष्ट्रास लावली. ती योग्यच होती. परंतु तिच्यामुळें एक प्रश्न तसाच पडून राहिला. ज्यांच्या घराला माळा नव्हता, घरांत फडताळ नव्हतें आणि ज्यांचा कागदाशीं संबंध सावकाराच्या खतावर अंगठा उठविण्यापुरताच आला, त्यांचा इतिहास कोणत्या दप्तरांत शोधावयाचा?

तो त्यांच्या गाण्यांत शोधावा, असें माझें मत आहे. आणि त्यासाठीं विसाव्या शतकाच्या मध्यावर होऊन गेलेल्या एका गायकाचें चरित्र आज आपणांपुढें ठेवीत आहें. लोकशाहीर वामनदादा कर्डक हें नांव भुसावळच्या रेल्वे कामगारांच्या वस्तींत किंवा धुळ्या-जळगांवच्या एखाद्या भीमनगरांत उच्चारलें, तर आजहि माणसें सरसावून बसतात. तेंच नांव सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत घेतलें, तर बहुधा 'हे कोण?' असा प्रश्न येतो. एकाच गांवांतल्या दोन वस्त्यांमध्यें एवढें अंतर कसें पडलें, हेंहि त्यांच्या चरित्राच्या ओघांत पाहतां येईल.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजीं नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर तालुक्यांत देशवंडी या लहान गांवीं झाला. पुढें पंचवीस वर्षांनीं ही तारीख साऱ्या देशाची होणार होती. अर्थात् खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या जन्मतारखा कशा ठरतात हें ज्या मास्तरानें पाहिलें आहे, तो अशा योगायोगाचें फार कौतुक करीत नाहीं. घर महारवाड्यांतलें. आईचें नांव सईबाई. मुलानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं. तें ज्या दिवसांत पाहावयाचें ते दिवस पोटामागें गेले.

परंतु ज्या जिल्ह्यांत तो वाढत होता तो जिल्हाच त्या काळीं एक शाळा झाला होता. 2 मार्च 1930 रोजीं नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला, तेव्हां वामन सात वर्षांचा होता. 13 ऑक्टोबर 1935 रोजीं त्याच जिल्ह्यांतील येवलें येथें, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा बाबासाहेबांनीं केली, तेव्हां तो तेरा वर्षांचा होता. हीं दोन वादळें ज्या गांवांवरून गेलीं, त्या गांवांत वर्तमानपत्र येत नसे. बातमी येई ती जलशांतून.

येथें जलशाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीनें तमाशाचा साचा घेऊन त्यांतला शृंगार काढला आणि त्यांत भटशाहीवरील टीका, शिक्षणाचा प्रचार असे विषय भरले. तो सत्यशोधक जलसा. तोच साचा पुढें आंबेडकरी चळवळीनें उचलला. नाशिकचे भीमराव कर्डक यांनीं 1931 च्या सुमारास आपला जलसा उभा केला. तमाशांतल्याप्रमाणें त्यांत गण होता. पण गणांत गणपतीचें स्तवन नव्हतें. वग होता, पण वगांत राजाराणीऐवजीं सावकार आणि कूळ समोरासमोर येत. मेलेल्या जनावराचें मांस टाका, मुलें शाळेंत घाला, हीं सूत्रें त्यांत विनोदाच्या पुटांतून येत. आपल्या दहा सभांचें काम कर्डकांचा एक जलसा करितो, असें बाबासाहेब म्हणत अशी आठवण या मंडळींत सांगितली जाते. हे भीमराव कर्डक आणि आपले वामनदादा हे दोन निराळे पुरुष होत. आडनांव एक आणि जिल्हा एक, त्यामुळें लिहिणारांकडून अनेकदां घोटाळा होतो. भीमरावांनीं पुढें 1978 सालीं 'आंबेडकरी जलसे' हें पुस्तक लिहून आपल्या पिढीची हकीकत छापून ठेवली. वामनदादा त्यांच्या मागच्या पिढीचे, आणि त्यांची हकीकत त्यांच्या गाण्यांतच राहिली.

तरुणपणीं वामनराव मुंबईस आले व शिवडीच्या बी. डी. डी. चाळींत राहूं लागले. मुंबई इलाख्याच्या सरकारनें कामकरी लोकांसाठीं 1920 नंतर ज्या चाळी बांधल्या त्यांपैकीं ही एक. खोली एक, माणसें अनेक. त्यांनीं कोळशाच्या वखारींत ओझीं वाहिलीं, खडी फोडली, चिक्की विकली, आइस-फ्रूट विकलें, टाटांच्या तेलाच्या गिरणींत मजुरी केली. नट व्हावें अशीहि हौस मनांत होती. पहिला संसार टिकला नाहीं. त्या संसारांतली मुलगी लहानपणींच गेली. या दुःखाविषयीं मी अधिक बोलत नाहीं. इतकेंच सांगतों कीं पुढें ज्या माणसानें उभा महाराष्ट्र आपलें घर मानला, त्याला प्रथम स्वतःचें घर उरलें नव्हतें.

या चाळींतच त्यांच्या आयुष्याला वळण देणारी गोष्ट घडली. कोणीएकानें गांवाकडून आलेलें पत्र त्यांच्या हातीं देऊन तें वाचून दाखविण्यास सांगितलें. वामनरावांस अक्षर येत नव्हतें. अंगावर कपडे बरे असल्यामुळें समोरच्याचा समज झाला असावा कीं हा मनुष्य शिकलेला आहे. ती लाज त्यांच्या जिव्हारीं लागली. ते रडले, असें त्यांच्या चरित्रांत येतें. त्यानंतर त्यांनीं देहलवी नांवाच्या मास्तरांकडून मुळाक्षरें गिरविलीं, आणि बाकीचें शिक्षण मुंबईच्या रस्त्यावर पुरें केलें. येतांजातां दुकानांवरच्या पाट्या वाचावयाच्या, अडलें तर विचारावयाचें, पुन्हां दुसऱ्या दिवशीं तीच पाटी वाचावयाची.

मीं पस्तीस वर्षें मुलांना जोडाक्षरें शिकविलीं आहेत, म्हणून येथें क्षणभर थांबतों. मुळाक्षरें महिन्या-दोन महिन्यांत येतात. अडतें तें जोडाक्षरापाशीं. 'वस्त्र' यांतला 'स्त्र' किंवा 'मिष्टान्न' यांतला 'ष्टा' फळ्यावर कितीहि वेळां लिहिला तरी मुलाच्या डोळ्यांना तो एक गुंता दिसतो. परंतु त्याच शब्दाखालीं कापडाचे तागे रचलेले असतील, किंवा पेढ्यांचें ताट मांडलेलें असेल, तर अर्थ आधीं कळतो आणि अक्षर मागून सुटतें. पाटी वाचून शिकणाराला अक्षर आणि वस्तु यांची ताटातूट कधीं ठाऊकच नसते. वामनदादांच्या गाण्यांत हवेंतला शब्द सांपडत नाहीं, भाकरी, वाटा, घर, तलवार, दिवा असले हातांत धरतां येणारे शब्द सांपडतात, त्याचें मूळ मला या पाट्यांमध्यें दिसतें. आणि वाचतां येऊं लागल्यावर या माणसानें आरामखुर्चींत बसून वाचन केलें नाहीं. अक्षर न येणाऱ्या आपल्या लोकांना तें कानांवाटे द्यावें, हा उद्योग त्यानें आरंभिला.

तो आरंभ 1943 सालचा. वामनराव तेव्हां एकवीस वर्षांच्या आसपास होते. त्या काळच्या एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनीं पहिलें गाणें रचिलें, आणि चाळींतल्या मंडळींनीं तें डोक्यावर घेतलें. चित्रपटाची चाल उसनी घेतली, एवढ्यावरून सुशिक्षित रसिक नाक मुरडतात. मला त्यांस एकच आठवण द्यावीशी वाटते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'चीं पदें आपण मोठ्या अभिमानानें गातों. त्यांच्या जुन्या छापील प्रतींत प्रत्येक पदावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एका पदाचा निर्देश असे. कीर्तनकार हेंच करीत आले आहेत. ऐकणाराच्या कानांत जी चाल आधींच बसली आहे, तिच्यावर नवा शब्द चढविला कीं तो एका ऐकण्यांत पाठ होतो. वामनदादांचा श्रोता दिवसभर राबून आलेला, वही-पेन्सिल नसलेला, आणि एकाच रात्रीचा धनी होता. शाहीर सकाळीं पुढच्या गांवीं जाणार. त्या एका रात्रींत गाणें त्याच्या तोंडीं बसलें तर बसलें, नाहींतर गेलें. अशा श्रोत्यापुढें नवी चाल बांधण्याचा हट्ट धरणें म्हणजे त्याच्या पदरांत कांहींच न टाकतां निघून जाणें.

पुढें त्यांनीं स्वतःच्याहि चाली बांधल्या, कव्वालीचा ठेका वापरला, गझलेचें वळण मराठींत आणलें, लावणी-पोवाड्याची लय तर घरचीच होती. गायन पार्टीचा सरंजाम असे तो साधा: एक पेटी, एक ढोलकी, झांज किंवा खंजिरी, आणि मागें झील धरणारे दोघे-तिघे. मुख्य गायक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, तिसऱ्या वेळीं सारी सभा ती म्हणूं लागते. शास्त्रीय गायनाच्या बैठकींत श्रोता मान डोलावतो, दाद देतो. येथें तो गातो. गाणाऱ्याच्या आवाजांत गोडव्यापेक्षां पल्ला अधिक लागतो, कारण ध्वनिक्षेपक प्रत्येक गांवीं नसे आणि पाराच्या टोकापर्यंत शब्द पोंचला पाहिजे. अशा रात्रीं नाशिक, खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा या मुलखांत वामनदादांनीं किती काढिल्या त्याची गणती नाहीं. बिदागी मिळेल ती घ्यावी, न मिळाल्यास भाकरी खावी आणि पुढचा रस्ता धरावा. शांताबाईंशीं त्यांचा दुसरा विवाह झाला. त्या माउलीनें या भ्रमंतीचा सारा भार सोसला.

खानदेशाच्या दृष्टीनें या रात्रींचें मोल काय होतें तें एका प्रसंगावरून कळेल. 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरास धम्मदीक्षा झाली आणि पुरते दोन महिने लोटण्यापूर्वीं, 6 डिसेंबरला, बाबासाहेब गेले. समाज पोरका झाला. अशा काळांत 1959 सालीं नाशिकचेच दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालीं भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्यास द्या, ही मागणी. त्यांत खानदेश आघाडीवर होता. बायका-पोरांसह माणसें तुरुंगांत गेलीं. या सत्याग्रहाची सरकारी बाजू पोलिसांच्या दप्तरांत मिळेल. वर्तमानपत्रांत चार ओळी मिळतील. परंतु पुढारी नाहींसा झाल्यावर तीन वर्षांच्या आंत इतकीं अक्षरशत्रु माणसें एका मागणीवर एकत्र कशीं राहिलीं, याचें उत्तर दोहोंकडेहि मिळत नाहीं. 1956 नंतरच्या त्या कवनांत बाबासाहेबांच्या निधनाचा शोक आहे, पण शोकाच्या पुढच्याच कडव्यांत काम सांगितलेलें आहे. बुद्ध कोण, दीक्षा कां घेतली, मुलगी शाळेंत कां घालावयाची, संघटना कां फुटूं द्यावयाची नाहीं, हें सारें त्या गाण्यांनीं सांगितलें. ग्रंथ वाचूं न शकणाऱ्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचे ग्रंथ याच वाटेनें पोंचले.

मग हीं गाणीं आपल्या घरीं कां पोंचलीं नाहींत? ज्या साधनावरून मी बोलतों आहें त्याचीच गोष्ट प्रथम सांगावी, हें न्यायाचें होईल. 1940 सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. तिचे स्वर ठोकळेबाज, श्रुति तिच्यांत सांपडत नाहींत, असें संगीतज्ञांचें म्हणणें होतें, आणि तें संगीताच्या दृष्टीनें खोटेंहि नव्हतें. ही बंदी 1971 सालीं, आणि तीहि अंशतः, उठली. तीस वर्षांहून अधिक! या निर्णयांत कोणाच्या मनांत गरिबांच्या गाण्याविषयीं आकस होता असें मी म्हणत नाहीं. पण ज्या गायन पार्टीचें पहिलें वाद्यच पेटी, तिला त्या काळांत रेडिओच्या दारीं उभें राहणें किती अवघड होतें तें उघड आहे. वामनदादांच्या उमेदीचीं वर्षें नेमकीं तींच.

दुसरें साधन ग्रामोफोन. येथें अमेरिकेंतली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. तेथील निग्रो म्हणून हिणविलेल्या काळ्या लोकांत शेतमजुरींतून व प्रार्थनामंदिरांतून वाढलेलें एक गाणें होतें. 1920 सालीं मॅमी स्मिथ नांवाच्या काळ्या गायिकेची तबकडी निघाली आणि ती इतकी खपली कीं कंपन्यांचे डोळे उघडले. मग अशा तबकड्यांची एक निराळी यादीच निघूं लागली. तिला 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे वंशाच्या तबकड्या, असें नांव होतें. 1949 सालीं 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकानें तें अवमानकारक नांव टाकून 'ऱ्हिदम अँड ब्लूज', लय आणि विषाद, असें नवें नांव घेतलें. त्या गाण्यानें पुढें साऱ्या जगाचें लोकप्रिय संगीत बदललें. त्या गायकांचें हक्काचें द्रव्य त्यांस पुरतें मिळालें नाहीं हें खरें, तरी त्यांचा आवाज मेणावर आणि लाखेवर उमटून राहिला. आमच्याकडे तसें कां झालें नाहीं? तेथील काळा मजूर गरीब असला तरी त्याच्यांत तबकडी विकत घेणारे लाखों होते. देशवंडीच्या किंवा यावलच्या मजुराजवळ यंत्रच नव्हतें, तर तबकडी कोण घेणार? ज्याला खरेदीदार नाहीं तें गाणें कंपनी भरून घेत नाहीं. वामनदादांच्या ऐन तारुण्यांतला आवाज आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं, याचें कारण इतकें साधें आणि इतकें कठोर आहे. पुढें ध्वनिफितींचा काळ आला, यंत्र स्वस्त झालें, आणि मग भीमगीतांच्या फिती खानदेशच्या आठवडे-बाजारांत भाजीच्या शेजारीं विकल्या जाऊं लागल्या. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांसारख्यांचे आवाज घरोघर पोंचले. तोंपर्यंत वामनदादा साठीकडे झुकले होते.

अमेरिकेचा हा दाखला मीं ओढूनताणून आणला असें कोणास वाटूं नये. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 या वर्षांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते, आणि काळ्या लोकांची हार्लेम ही वस्ती तेथून हाकेच्या अंतरावर. 1946 सालीं त्यांनीं काळ्यांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांस पत्र लिहून, अमेरिकेंतील निग्रो आणि हिंदुस्थानांतील अस्पृश्य यांच्या स्थितींतलें साम्य बोलून दाखविलें होतें. 1972 सालीं मुंबईच्या तरुणांनीं आपल्या संघटनेस 'दलित पँथर' हें नांव दिलें, तेंहि तिकडच्याच धाग्यानें.

राहिला चित्रपट. तेथें मात्र एकदां दार उघडलें होतें. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा 1959 सालचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहांत 131 आठवडे चालला. वसंत पवारांच्या संगीतावर सारा महाराष्ट्र डोलला. त्यांतलें विठ्ठल शिंदे व मधुबाला झवेरी यांनीं गायिलेलें एक खट्याळ गाणें वामनदादांचें आहे. तें गुणगुणणारांना कवीचें नांव सांगितलें, तर त्यांतले कित्येक चकित होतील! 'पंचारती' या चित्रपटांतहि त्यांचें गीत आहे. हात इतका सराईत होता कीं त्या धंद्यांत त्यांस पोट भरतां आलें असतें. पण ते पुन्हां आपल्या पाराकडे आणि पेटीकडे परतले.

वामनदादांचें गाणें म्हणजे केवळ बाबासाहेबांची स्तुति, असा एक समज आहे. स्तुतीचीं गाणीं पुष्कळ आहेत, आणि तीं सारींच सारख्या तोलाचीं नाहींत हें मान्य करण्यास हरकत नाहीं. हजारों गाणीं रचणाऱ्या शाहिराच्या हातून यमकासाठीं आलेल्या ओळीहि पडतात; सभेची मागणी असे, आणि उद्यांच्या जयंतीला आज गाणें हवें असे. पण जीं गाणीं उरलीं आहेत त्यांचा स्वर निराळा आहे. त्यांच्या एका अतिशय गाजलेल्या गीतांत देशांतल्या बड्या उद्योगपतींचीं नांवें सरळ घेऊन, या साऱ्या धनाच्या साठ्यांत आमचा वाटा कोठें आहे, असा सवाल केला आहे. त्या नांवांत टाटांचेंहि नांव आहे. आणि विचारणारा टाटांच्याच गिरणींत राबून आलेला होता. त्या प्रश्नांत शिवी नाहीं, आक्रोश नाहीं. वाटणीला बसलेल्या भावानें हिशेब विचारावा तशी ती विचारणा आहे.

दुसरें एक गीत मला त्याहून मोठें वाटतें. बाबासाहेबांच्या पश्चात् 3 ऑक्टोबर 1957 रोजीं रिपब्लिकन पक्ष निघाला आणि थोड्याच वर्षांत त्याचीं शकलें होऊं लागलीं. प्रत्येक गटाच्या व्यासपीठावर वामनदादांस बोलावणें असे. अशा वेळीं त्यांनीं बाबासाहेबांनाच उद्देशून गझलेच्या थाटांत म्हटलें कीं, तुझ्या मताचीं खरीं माणसें पांच जरी असतीं तरी चित्र निराळें झालें असतें. म्हणजे लाखोंच्या सभेला, पुढाऱ्यांच्या तोंडावर, तुमच्यांत पांचहि नाहींत असें ऐकविणें! आणि ती सभा तें गाणें पुन्हां म्हणा असा आग्रह धरी. भाटाला हें जमत नाहीं. आपल्या माणसांना आरसा दाखविण्याचा अधिकार ज्याला लोकांनींच दिला आहे असा कवि कोणत्याहि समाजांत विरळा असतो. नामांतराच्या चळवळींत, 1978 च्या ठरावापासून 1994 च्या नामविस्तारापर्यंतच्या सोळा वर्षांत, या अधिकाराचा उपयोग अनेकदां झाला.

आतां पुस्तकाविषयीं. त्यांचा पहिला संग्रह 'वाटचाल' हा 1973 सालीं निघाला. पहिलें गाणें 1943 चें. म्हणजे गाण्याला छापील पान मिळावयास तीस वर्षें लागलीं, आणि कवीनें वयाची पन्नाशी ओलांडली होती. मग 1976 सालीं 'मोहळ' आणि 1977 सालीं 'हे गीत वामनाचे' हे संग्रह आले. तरीहि छापलें गेलें तें एकंदर रचनेच्या मानानें थोडें. येथें आमच्या जळगांवच्या बहिणाबाई चौधरींची आठवण होते. त्याहि निरक्षर, जात्यावर आणि शेतांत गाणीं सुचत आणि तेथेंच विरत. पण त्यांचा पुत्र सोपानदेव स्वतः कवि होता, त्यानें व दुसऱ्या एका आप्तानें तीं लिहून ठेविलीं, आणि आचार्य अत्र्यांनीं त्यांचें मोल ओळखलें; म्हणून 1951 च्या डिसेंबरांत बहिणाबाई गेल्या तरी 1952 सालीं त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रास मिळालीं. गाणें टिकावयास असा एखादा सोपानदेव लागतो. वामनदादांचे सोपानदेव गांवोगांवीं विखुरलेले होते. कोणी गवंडी, कोणी रेल्वेंतला खलाशी, कोणी प्राथमिक शिक्षक. त्यांनीं जुन्या वह्यांत, कॅलेंडरांच्या मागें, हाताला येईल तेथें गाणीं उतरून ठेविलीं.

त्या वह्या हेंच आतां आमचें दप्तर. वामनदादा शेवटच्या कडव्यांत 'वामन' ही आपली मुद्रा घालीत, जशी संत आपल्या अभंगांत घालीत. पण एक वही दुसरीशीं ताडून पाहिली कीं कडवीं मागेंपुढें झालेलीं दिसतात, एखादें कडवें स्थानिक गायकानें पदरचें घातलेलें असतें, कोठें मुद्राच बदलून दुसऱ्याचें नांव आलेलें असतें. सिन्नरकडचा शब्द रावेरकडे येतांना अहिराणी किंवा लेवा पाटीदारी वळण घेतो. तुकोबांच्या गाथेच्या बाबतींत विद्वानांनीं जो पाठभेदांचा खटाटोप केला, तोच येथें करावा लागेल. फरक इतकाच कीं येथें ज्यांच्या तोंडीं तीं गाणीं आहेत त्यांतलीं कांहीं माणसें अजून हयात आहेत आणि त्यांना विचारतां येतें. 15 मे 2004 रोजीं नाशिकला वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं वामनदादांचें निधन झालें. पुढच्याच महिन्यांत प्रल्हाद शिंदे गेले. 2010 सालीं विठ्ठल उमप गेले. त्यांच्या बरोबरीचे झीलकरी आज सत्तरी-ऐंशींत आहेत.

ज्यांस हें काम करावेंसें वाटेल त्यांना फार दूर जावयास नको. धुळ्याजवळ, मुंबई-आग्रा रस्त्यावर लळिंगचा किल्ला आहे. त्याच्या कुरणांत लांडोर बंगला नांवाची एक वास्तु आहे. वकिलीच्या कामासाठीं धुळ्यास आलेले बाबासाहेब 31 जुलै 1937 रोजीं तेथें राहिले होते. त्या मुक्कामाच्या स्मृतीनें दरवर्षीं 31 जुलैस त्या ठिकाणीं यात्रा भरते, खानदेशच्या गांवोगांवचीं माणसें येतात, आणि भीमगीतें होतात. म्हातारे गायक त्या दिवशीं सहसा चुकत नाहींत. दिवस पावसाचे असतात; वही मेणकापडांत गुंडाळून न्यावी.